हैबतीने बसवलेल्या खरवडण्या

एका गावात एक भोळा भाचा होता. भोळा हा त्याच्या आईचा शब्द. गाव दुसरा शब्द वापरत असे, पण तो आईसमोर कुणी उच्चारत नसे.

त्याचे नाव हैबती. त्याच्या डोक्यात एकदा गेलेली गोष्ट बाहेर येत नसे आणि तो ती भलत्याच ठिकाणी वापरत असे. आईने हात टेकले आणि त्याला आपल्या भावाकडे धाडून दिले. हा भाऊ, शहाजीमामा, दूर हिमालयात एका थंड गावात गलाईचा धंदा करत होता. सोने-चांदी वितळवायची, शुद्ध करायची, लगड पाडायची. सांगली भागातली माणसे या धंद्यापायी कुठे कुठे जाऊन बसतात, तसाच मामाही तिथे जाऊन बसला होता.

मामाने भाच्याला पहिल्या दिवशी कसोटीचा दगड दाखवला आणि म्हणाला, "ध्यानात ठेव. घासून बघितल्याबिगर वस्तू घ्यायची न्हाई."

"व्हय मामा," हैबती म्हणाला आणि त्याने ते ध्यानात ठेवले. त्याची हीच खोड होती. तो विसरत नसे.

चार वर्षांनी मामाची छाती आम्लाच्या वाफेने भरली. वैद्याने भट्टी सोडायला सांगितली. मामाने मूस, भाता, चिमटे सगळे विकले आणि बर्फावर चालणारी एक जुनी स्कूटर घेतली. पुढे घसरायला दोन पट्ट्या, मागे रबरी पट्टा. हिवाळ्यात तिथले तळे गोठते. गोठलेल्या तळ्यावरून पाहुण्यांना फिरवून आणायचे, असा बेत होता. पण त्याला परवाना लागतो. रविवारी साहेब येणार होते. त्यांच्यासमोर गाडीने न तापता तळ्याला तीन फेऱ्या घातल्या, तर परवाना. तापली, तर मामाने बिऱ्हाड गुंडाळून गावाकडे जायचे आणि उरलेले आयुष्य भावकीचे टोमणे ऐकायचे.

सोमवारी मामा हैबतीला म्हणाला, "चष्मेवाल्याकडं माझा नवा चष्मा तयार हाय. घिऊन ये जा."

हैबती गेला. जाताना कसोटीचा दगड खिशात घालून गेला. चष्मेवाल्याने चष्मा पुढे केला. हैबतीने दोन्ही काचा दगडावर चांगल्या चार-चार वेळा घासल्या, उजेडात धरून पाहिल्या आणि तोंड वाकडे केले.

"मामा, माल खोटा हाय," घरी येऊन तो म्हणाला. "कस उठलाच न्हाई."

मामाने चष्मा डोळ्यांवर चढवला. त्याला सगळे जग धुक्यात दिसले.

"आरं टोणग्या! काच कुणी घासतं व्हय? काच मऊ फडक्यात गुंडाळायची, वर दोरी बांधायची, मग आणायची!"

"आसं व्हय? आधी सांगायचं, मामा. आता ध्यानात ठेवतो."

मामाला आता हाताच्या अंतरापलीकडचे दिसेना. गाडी हैबतीनेच चालवायची, असे ठरले. ठरवावेच लागले.

मंगळवारी मामाने त्याला समोर बसवून गाडीचे दुखणे समजावले. भुसभुशीत बर्फावर रबरी पट्टा बर्फ उडवतो, तो खालून लागतो आणि इंजिन गार राहते. तळ्यावरचा बर्फ म्हणजे फरशी. तिथे काही उडत नाही. गाडी तापते आणि उकळते. म्हणून गाडीखाली, पट्ट्याच्या दोन बाजूंना, पोलादी काड्या लावतात. त्यांची टोके बर्फ ओरबाडत जातात आणि चुरा वर उडतो. दुकानदार त्यांना स्क्रॅचर म्हणत, मामा खरवडणी म्हणे.

"दोन तऱ्हेच्या मिळत्यात," मामा म्हणाला. "ताठ घिऊ नगं. गाडी जरा मागं घेतली की ताठ काडी मोडती. लवचीक घे. दुकानातच वाकवून बघ. सोडल्यावर जागंवर आली तर वस्तू खरी."

हैबतीने बरोबर तसेच केले आणि दोन उत्तम खरवडण्या घेऊन आला. मामाने बोटांनी चाचपून पाहिल्या आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. चार वर्षांत पहिली. शेवटचीही तीच.

बुधवारी मामी म्हणाली, "रविवारी साहेबांच्या चहासंगं तळायला पापड आण बाबा. लालाच्या दुकानातनं."

संध्याकाळी हैबतीने पिशवी तिच्यासमोर ठेवली. तिने आत हात घातला. आत नुसता भुगा.

"हे काय रं?"

"समदं दुकान बघितलं, मामी. एकबी जागंवर येईना. लाला तर मारायलाच उठला. खोटा माल ठेवतो आन् वर रागवतो."

मामीने कपाळावर हात मारला. मामा आतून म्हणाला, "जाऊ दे. पापडानं परवाना अडत न्हाई. खरवडण्या तेवढ्या नीट बसव रं, हैबती."

गुरुवारी हैबतीने खरवडण्या बसवल्या. बोल्ट घट्ट, अंतर सारखे, नाव ठेवायला जागा नाही. काम संपवून तो मागे सरला आणि पाहत राहिला. काड्या चकाकत होत्या. चकाकणारी काच फडक्यात न गुंडाळता आणली म्हणून सोमवारीच बोलणी बसली होती, हे त्याला आठवले. त्याने मामीच्या मऊ फलालीन कापडाचे दोन तुकडे फाडले, खरवडण्यांच्या टोकांना गुंडाळले आणि वर दोरी बांधली.

शुक्रवारी मामा मागे बसला आणि गाडी तळ्यावर निघाली. अर्ध्या वाटेतच तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. पुढून वाफेचा लोट उठला. मामाने उतरून गाडीखाली हात घातला. हाताला फलालीनची दोन गाठोडी लागली.

"ही काय बाळुती हैत?"

"तुमीच सांगितलं हुतं, मामा. मऊ फडकं, वर दोरी."

"आरं खुळ्या! ते चष्म्याचं! हिचं टोक उघडं पायजे! ती सारखी खरवडत ऱ्हायली पायजे. खरवडलं तरच गार राहतं!"

"आसं व्हय? आधी सांगायचं. आता ध्यानात ठेवतो."

शनिवारी मामी शेजारी निघाली. जाताना म्हणाली, "शेगडीवर दूध हाय. तापलं की उतरून गार कर."

दूध तापले. हैबतीने ते खाली उतरवले. जवळच एक जुनी पोलादी सळी पडली होती. ती घेऊन तो पातेल्याचा तळ खरवडू लागला. तासभर त्याने हात थांबवला नाही. अंगाला घाम फुटला, पण माणूस मेहनती. मामी परत आली तेव्हा जमिनीवर दुधाचे तळे होते आणि पातेल्याच्या तळातून जमीन दिसत होती.

"दूध गेलं, मामी," हैबती म्हणाला. "पण पातेलं हात लावून बघा. कसं गार हाय!"

 मामीने रिकामे पातेले मामाच्या पुढ्यात आणून आदळले. मामाने तळाच्या भोकातून बोट घातले आणि त्याचा आवाज छपराला लागला.

"बैला! तापल्याली वस्तू खरवडत बसत्यात व्हय? चार वर्सं माझ्या भट्टीवर हुतास ना? लगड तापली की काय करतो आपण?"

"पाण्यात सोडतो."

"कशानं धरून?"

"चिमट्यानं."

"मग काय हुतं?"

"चुर्र हुतं."

"चुर्र झालं की काम झालं! एवढं तरी ध्यानात ठेव!"

"ठेवलं, मामा."

रविवारी साहेब आले. मामाने स्वतः गाडीखाली झोपून खरवडण्या चाचपल्या. टोके उघडी, बर्फाला टेकलेली. हैबतीने गाडी काढली. पहिल्या फेरीत दोन्ही बाजूंनी बर्फाचा चुरा असा उडाला की साहेबांनी टोपी सावरली. दुसऱ्या फेरीत काटा हलला नाही. तिसरी फेरी संपवून गाडी काठाला आली. साहेबांनी हातमोजा काढून इंजिनच्या टपावर हात ठेवला.

"थोडी तापली आहे," ते म्हणाले. "पण एवढं चालायचंच. पास."

मामाच्या बिनकामाच्या चष्म्यामागे पाणी आले. तो म्हणाला, "साहेब, घरात चला, चहा घ्या, सही करा. हैबती, गाडीचं बघ रं."

साहेब आणि मामा घरात गेले. हैबती गाडीचे बघू लागला. तापली आहे, असे खुद्द साहेब म्हणाले होते. त्याने टपाला हात लावला. खरेच होते.

काठापासून वीस पावलांवर, जिथे तळे एकदम खोल उतरते, तिथे जनावरांना पाजायला बर्फ कापून मोठा चौक मोकळा ठेवला होता. हैबतीने आधी चिमटा शोधला. चिमटे तर मामाने विकले होते. मोठ्या माणसांना पुढचे दिसत नाही, असे त्याच्या मनात आले. मग त्याने गाडी नुसत्या हातांनीच ढकलली.

आत साहेबांनी पापडाचा भुगा चमच्याने खाल्ला, चहा घेतला आणि परवान्यावर सही केली. मामाने तो कागद दोन्ही हातांनी कपाळाला लावला. एवढ्यात हैबती दारात आला. बाह्या ओल्या, चेहरा समाधानी.

"गाडी लावलीस का रं?" मामाने विचारले.

"पाण्यात सोडली, मामा."

मामाने कागद कपाळावरून खाली घेतला.

"सोडली म्हंजी?"

"तापली हुती न्हवं? मला वाटलं, एवढी मोठी वस्तू, हुतंय का न्हाई. पण झालं."

"काय झालं?"

"चुर्र."

साहेबांनी कप खाली ठेवला. मामा कागद धरून तसाच बसला. हैबतीला वाटले, मामाला काळजी लागली आहे. म्हणून त्याने बगलेतले गाठोडे काढून मामाच्या मांडीवर ठेवले. मऊ फलालीनमध्ये गुंडाळलेले, वर दोरी.

"घाबरू नगा. खरवडण्या आधी काढून घेतल्या. नव्या वस्तू. पाण्यात गंजल्या असत्या."

मामाने दोरी सोडली. एक खरवडणी हातात घेतली आणि दोन्ही हातांनी जीव खाऊन वाकवली. मग सोडून दिली.

ती जागेवर आली. वस्तू खरी होती.