महाराजांच्या दाराचा अंतरपाट

सीमोल्लंघनाच्या मिरवणुकीत महाराजांच्या मोटारीचं दार गळून पडलं आणि दाराला टेकून बसलेले उदाजीराव महाराजही त्यापाठोपाठ खाली आले. लागलं कुठेच नाही. पण खारगड संस्थानचे महाराज प्रजेच्या इतक्या जवळ प्रथमच आले होते, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

मोटारखान्याचे बाबल मेस्त्री धावत आले. दाराची चौकट लोखंडाची होती, वरचा पत्रा ॲल्युमिनियमचा. जिथे दोन्ही एकमेकांना चिकटले होते, तिथे ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी झाली होती.

"सरकार, ह्या दोघांचं पटत नाही," मेस्त्री हात जोडून म्हणाले. "त्यात आपलं संस्थान समुद्रकाठी. दोघं एकमेकांना लागले आणि मध्ये खारं पाणी शिरलं, की लोखंडाच्या संगतीनं ॲल्युमिनियम झिजतं."

मग सगळं दार लोखंडाचं करावं, असं दिवाणजींनी सुचवलं. पण ते इतकं जड, की ओढताना महाराजांचा खांदा धरायचा. सगळं ॲल्युमिनियमचं केलं, तर महाराज रेलले की दार वाकायचं. हे दोन्ही अनुभव घेऊन झाले होते.

महाराज हट्टाला पेटले. "दार दोघांचंच होईल! दोघं एकमेकांना घट्ट धरून राहतील, पण एकमेकांना शिवणार नाहीत. कोजागिरीपर्यंत मुदत. नाही जमलं, तर ह्यापुढे मोटार निघाली की दार तुम्ही धरायचं, मेस्त्री. शेजारून पळत!"

मेस्त्री साठीला टेकलेले, गुडघे जिना चढतानाही कुरकुरायचे. आणि महाराजांना मोटार सावकाश चालवलेली खपत नसे. घरी येऊन त्यांनी हे मथुराला सांगितलं. मथुरा मेस्त्रींची एकुलती एक मुलगी. संस्थानातल्या झाडून सगळ्या सायकलींची पंक्चरं तीच काढायची. आई गेल्यापासून तिला बापाशिवाय कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दरबार दाराच्या सेवेला लागला. ज्योतिष्यांनी दोन्ही धातूंची पत्रिका मांडली. लोखंडाचा शनी लगेच सापडला, पण ॲल्युमिनियम कुठल्याच पोथीत निघेना, तेव्हा त्यांनी त्याला बिनकुळाचं ठरवून हात झटकले. राजवैद्यांनी दाराला सकाळ-संध्याकाळ एरंडेल दिलं. दिवाणजींनी मात्र डोकं चालवून दोघांच्या मध्ये उंची मखमल घातली. मखमलीनं खारं पाणी पोटभर पिऊन घेतलं आणि ती वाळायचं नाव घेईना. आता तर दार आणखी लवकर जाईल, असं म्हणत मेस्त्रींनी कपाळाला हात लावला.

मथुरानं ती ओली मखमल पिळून पाहिली आणि तशीच उठली. मध्ये काहीतरी हवं हे दिवाणजींना बरोबर सुचलं होतं, पण ते पाणी न पिणारं हवं! तिनं मोटारीच्या जुन्या ट्यूब कापून पट्ट्या काढल्या आणि चौकट नि पत्रा यांच्या मध्ये बसवल्या. राहिले रिव्हेट, म्हणजे पत्रा चौकटीला जोडणारे खिळे. ते दोघांतून आरपार जाणार, म्हणजे चोरवाटेनं गाठ पडणारच. म्हणून तिनं एकेका रिव्हेटला सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी चढवली आणि डोक्याखाली रबराची चकती घातली. कडा मेण-राळेनं बुजवल्या. शेवटी दाराच्या बुडाला चार भोकं पाडली.

राजाच्या दाराला भोकं पाहून दिवाणजींना घेरी यायची बाकी राहिली. आत शिरलेलं पाणी बाहेर जायला वाट नको का, असं तिनं शांतपणे विचारलं.

कोजागिरीच्या सकाळी दरबार मोटारीभोवती भरला. महाराजांनी दार हलवलं, ओढलं, त्याला लाथही मारली. पत्रा चौकटीवरून तसूभरही हलला नाही.

"घट्ट आहे, कबूल. पण आत शिवत नाहीत कशावरून?"

मथुरानं मोटारीची बॅटरी पुढे ओढली. एक तार लोखंडाला लावली, दुसरी दिव्यातून ॲल्युमिनियमला. दोघं शिवत असते तर दिवा लागला असता. तो लागला नाही. महाराज म्हणाले, दिवाच गेलेला असेल. तिनं महाराजांना तलवार दोन्ही धातूंवर आडवी टेकवायची विनंती केली. तलवार टेकताच दिवा लख्ख पेटला. तो महाराजांनी स्वतः पेटवला असं समजून दरबारानं टाळ्या वाजवल्या.

महाराज हरायला तयार नव्हते. "ह्या रबराला काय म्हणायचं?"

"अंतरपाट, सरकार. नवरा-नवरीच्या मध्ये धरतात तसा."

"सापडलीस!" महाराजांनी मिशीला पीळ दिला. "मंगलाष्टकं संपली की अंतरपाट काढावाच लागतो. नाही काढला तर लग्न लागत नाही, काढला तर दोघं शिवतात. बोल, कधी काढतेस?"

बाबल मेस्त्रींनी मुकाट्यानं धोतराचा काचा मारला आणि दाराशेजारी पळायच्या तयारीत उभे राहिले. मथुरानं बापाकडे एकवार पाहिलं आणि ती हात जोडून म्हणाली, "मंगलाष्टकं संपली की लगेच काढते, सरकार. पण सरकारांच्या लग्नात राणीसाहेबांच्या नऊ आत्यांनी एकेक अष्टक म्हणायला घेतलं, आणि सरकार अंतरपाटामागे दुपार टळेपर्यंत ताटकळले, असं सारं संस्थान सांगतं. नऊ आत्यांना 'पुरे' म्हणणं सरकारांनाही जमलं नाही. ह्या दाराला तर अठ्ठावीस रिव्हेट आहेत, आणि प्रत्येकाचं अष्टक अजून चालूच आहे. अठ्ठावीस आत्या, सरकार! त्यांना गप्प करायला माझ्यासारखीनं कुठल्या तोंडानं जायचं?"

महाराजांनी दचकून मागे बायकांसाठी लावलेल्या पडद्याकडे पाहिलं. पडद्याआड राणीसाहेब आधी हसल्या. मग महाराजांना हसू फुटलं, ते पोट धरून खाली बसले आणि डोळे पुसत म्हणाले, "राहू दे! अंतरपाट जन्मभर राहू दे! त्या आत्यांच्या वाटेला मी नाही जाणार!"

हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी मथुराला दिलं आणि मोटारखान्याचा कारभार तिच्या हाती सोपवला. बाबल मेस्त्रींना त्याच मोटारीत मागच्या गादीवर बसवून घरी पोचवण्यात आलं. धोतराचा काचा मात्र त्यांनी घर आल्यावरच सोडला.