विहिरीकडची फांदी

“तिला घरटं दाखव, तारेचं बोलू नकोस. एकदा अंडी घातली की जाते कुठे!” म्हातारी सुगरण लेकाच्या कानात कुजबुजली, आणि पानांआड बसलेल्या नव्या सुनेने, चिमीने, ते ऐकलं.

फार जुनी नाही, बाभळीवरून विजेच्या जाड तारा गेल्या तेव्हाची ही गोष्ट. तारांखालच्या फांद्यांवर सतत गुणगुण चाले आणि पायांतून अंगात शिरे. गेल्या वर्षी तिथल्या एकाही अंड्यातून पिल्लू निघालं नव्हतं. तारेमुळेच, असं कुणी छातीठोक सांगत नव्हतं, विचारतही नव्हतं.

नवऱ्याने घरटं दाखवलं. वीण सुरेख होती.

“गुणगुण ऐकलीस? पिल्लांना फुकटात अंगाई,” सासू म्हणाली.

दिवसभर चिमी फांदीफांदीवर बसून पाहत होती. तारांपासून लांब जावं तशी गुणगुण विरत गेली. विहिरीवर झुकलेल्या फांदीवर तर पाय अगदी शांत झाले. तिथे एकच घरटं लोंबत होतं, सासूबाईंचं.

संध्याकाळी सगळे जमल्यावर सासूने विचारलं, “मग सूनबाई, आवडलं का घर?”

“घर छानच आहे, सासूबाई. तेवढं तुमच्या शेजारी विणायला सांगा. अंगाई आपण दोघी गाऊ.”