पडद्यावरचा तळहात

"वायर काढली तरी तुम्ही जात न्हाई. आता ह्याला काय म्हणायचं, बुवा?"

शशिकांत तोडकरने हे विचारलं तेव्हा मल्हारीबुवांची एक चप्पल अजून पायातच होती. भर उन्हात गावाबाहेरच्या मळ्यातून चालत आलेला म्हातारा. त्याने दुसरी चप्पल काढली, दाराच्या चौकटीला हात टेकला आणि मान वर केली.

समोर कपाटाएवढा टीव्ही होता. प्रोजेक्शन टीव्ही. आत तीन नळ्या, लाल, हिरवी, निळी. त्या आरशावर चित्र फेकतात आणि आरसा ते मोठ्या पडद्यावर टाकतो. बार्शीत असं धूड उघडून परत जोडणारा शशिकांत एकटाच, असं सगळे म्हणत. सगळ्यांत मोठ्याने शशिकांत म्हणे.

पडदा पांढराफेक होता. त्यावर एक काळपट माणूस उभा होता. डोक्याला पटका, छातीपर्यंत दाढी, उजवा तळहात वर केलेला.

बुवा दचकले. स्वतःला असं भिंतीएवढं आणि काळंठिक्कर पाहायची सवय कुणाला असते?

"हे... मी?"

"तुम्हीच."

"मला काय झालंय?"

"तुम्हाला न्हाई. टीव्हीला झालंय. म्हंजे टीव्हीला पण न्हाई." शशिकांतने पडद्याला हात जोडले. "कृपा झालीया."

त्याचं म्हणणं असं. दोनेक वर्षांपूर्वी बुवांचं प्रवचन त्याने स्वतः कॅमेऱ्यात घेतलं होतं. बोलता बोलता बुवा एकदम कॅमेऱ्याकडे पाहतात आणि तळहात वर करतात. थेट आशीर्वाद. शशिकांत रोज अंघोळ करून ते चित्र लावी, तिथे थांबवी, उदबत्ती ओवाळी आणि आपल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाला जाई. टीव्ही तसाच चालू. बायकोला, रत्नाला, सक्त ताकीद होती की नंदादीप आपण होऊन विझवत नाहीत, तसं बुवांना बंद करायचं नाही. दिवसभर बुवा रिकाम्या खोलीला आशीर्वाद देत उभे राहत.

परवा रत्नाने धीर करून मालिका लावली. नायिकेच्या ऐन लग्नात, नवरा-नवरीच्या मधोमध, बुवा उभे.

रत्नाच्या हातातली परात खाली पडली. शशिकांत धावत आला आणि त्याने रिमोट घेतला. बातम्या लावल्या, बुवा होतेच. क्रिकेट लावलं, हिरव्या मैदानावर बुवा.

"सगळं तपासलं मी," तो म्हणाला. "प्लेअर बदलला. केबल काढली. आरशावरची धूळ उडवली, भिंगं पुसली. कशाचाच दोष न्हाई. म्हंजे दोषच न्हाई, बुवा. आता तरी अनुग्रह द्या. आज दिवेलागणीला गल्लीतले सगळे येणारेत. त्यांच्या देखत, ह्या पडद्यापुढं द्या."

इथे खरी गोम होती. अनुग्रहासाठी तो कितीतरी वर्षं बुवांच्या मागे होता. बुवा दर वेळी एकच म्हणत, "ये की. बस जरा." शशिकांत जाई, पण बसत काही नसे. कधी माईकची खरखर काढ, कधी दिवे जोड, कधी कॅमेरा लाव. त्याच्याइतकी सेवा कुणाची नाही, हे तो मोजत बसे. आणि अनुग्रह मात्र मिळाला होता भाजीवाल्या सोपानला, ज्याला साधा फ्यूज बदलता येत नाही. ते त्याला फार लागलं होतं.

आता पुरावाच हातात होता. भिंतीएवढा.

आतून रत्ना पाण्याचा तांब्या घेऊन आली. शशिकांतने तिच्याकडे न पाहताच तळहात वर केला. थांब.

ती थांबली.

बुवांनी तो तळहात पाहिला. मग पडद्यावरचा पाहिला...

"शशी," ते म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात ही तक्रार असती, तर काय म्हणला असतास?"

"दुसऱ्याच्या घरात तुम्ही कशाला दिसाल?"

"माझं सोड. एखाद्या हॉटेलातला टीव्ही. त्यावर कायम एक घड्याळ दिसतंय. काय लावलं तरी घड्याळ. तर?"

शशिकांत हसला. असली तक्रार म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ.

"नळ्या जळल्या म्हणलो असतो."

"कशानं?"

"एकच चित्र लई वेळ एका जागी ठेवलं की नळीला आतनं डाग पडतो. जिथं उजेड जास्त, तिथं डाग जास्त. पांढरं असतंय तेच काळं..."

पुढचं वाक्य त्याच्या तोंडात राहिलं. त्याने पडद्याकडे पाहिलं. पांढरा पटका, पांढरी दाढी, उन्हात चमकलेला तळहात. तिन्ही काळे.

"नळ्या बघितल्यास?"

"सगळं बघितलं, बुवा."

"नळ्या?"

"न्हाई."

तो उठला. पिन काढली, पान्याने खालची फळी सोडवली, बॅटरी घेतली आणि आडवा होऊन भिंगातून आत पाहू लागला. बॅटरीचा झोत त्याने पहिल्या नळीवर धरला.

पहिल्या नळीच्या काचेवर बोटभर बुवा होते. करपल्यासारखे, तपकिरी. दुसऱ्या नळीत तेच. तिसरीत तेच.

तीन नळ्यांत तीन जळके बुवा, आणि जाळणारा तो स्वतः. रोज अंघोळ करून, उदबत्ती ओवाळून.

तो फरशीवर बसला. गिऱ्हाइकाने असं काही केलं असतं तर त्याची खिल्ली उडवून शशिकांतने चार दिवस दुकानात हशा पिकवला असता. आता हसायला कुणी नव्हतं. त्याला आधी बुवांचा राग आला, मग टीव्हीचा आला, आणि दोन्ही ओसरल्यावर नुसती भीती उरली. संध्याकाळी गल्ली येणार होती.

"नवीन नळ्या बसवतो," तो पुटपुटला. "मिळतात कुठं ते बघतो..."

"ते बघ सावकाश. आधी चालू कर. माझं ते चित्र लाव."

"आता?"

"आणि ह्या खेपेला थांबवू नकोस."

"त्याच्या पुढं काय न्हाई, बुवा. चित्र हललंय तिथनं. बघण्यासारखं न्हाई."

"बघितलंयस?"

शशिकांतने बघितलं नव्हतं. हललेलं चित्र बघायचं नाही, हा त्याचा धंद्यातला शिरस्ता होता. कॅमेऱ्यातलं चित्र सीडीच्या तबकडीवर उतरवताना तो तळहातापर्यंत आला होता आणि तिथेच खूश होऊन थांबला होता. पुढचं त्याने न बघताच तबकडीवर उतरलं होतं.

त्याने फळी लावली, पिन घातली, चित्र लावलं आणि रिमोट हातात घेऊन तो दाराशी बुवांजवळ उभा राहिला.

बुवा बोलू लागले. पडद्यावरचे. काळ्या बुवांच्या मागे हे दुसरे बुवा हलत होते. तोंड डागाच्या आड, हात डागाच्या बाहेर. काय बोलतात ते ऐकू येत होतं, पण बोलणारा धड दिसत नव्हता.

मग ती जागा आली. बुवांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, तळहात वर केला. चेहरा बरोबर डागात जाऊन बसला आणि सगळं अंधारलं. शशिकांतचा अंगठा आपोआप बटणावर गेला.

खऱ्या बुवांनी तो अंगठा धरला. जोर नव्हता त्या धरण्यात.

चित्र पुढे गेलं.

चेहरा डागातून बाहेर आला. लख्ख. वर केलेल्या तळहाताची बोटं मिटली, उघडली, परत मिटली. आशीर्वाद देताना कुणी असं करत नाही. लांबच्या माणसाला जवळ बोलावताना करतात.

"शशी," पडद्यावरचे बुवा म्हणाले, "पुरं झालं. ठेव ते यंत्र खाली. ये, बस हितं माझ्यापाशी."

त्यानंतर चित्र हिंदकळलं. जमीन दिसली, कुणाच्या तरी चपला दिसल्या आणि पडदा कोरा झाला. कोऱ्या पडद्यावर पुन्हा तो काळा तळहात.

शशिकांतला तो दिवस आठवला. कानाशी जनरेटर धडधडत होता. बुवांचे ओठ हलताना त्याने पाहिले होते, नाही असं नाही. पण भिंगाला लागलेल्या डोळ्याला एवढंच कळलं होतं की म्हातारा चित्राच्या चौकटीबाहेर सरकतोय. शब्द गेले होते बुवांच्या सदऱ्याला लावलेल्या माईकमध्ये. माईक त्यानेच लावला होता. चांगल्यातला.

ज्यासाठी एवढी वर्षं तळमळ केली ते मिळत होतं. नाव घेऊन मिळत होतं. आणि तो रोज सकाळी, हात जोडून, ते एका शब्दाआधी बंद पाडत होता.

"हे... तवाच...?" तो बुवांकडे वळला.

बुवांनी मान डोलावली.

"मला ऐकू आलं न्हाई, बुवा. मग आता? आता काय करू मी?"

खोलीत बसायला काही नव्हतं. संध्याकाळच्या गर्दीला जागा व्हावी म्हणून खुर्च्या गच्चीवर नेल्या होत्या. एकच पाट होता, पडद्यासमोर, त्यावर फुलं. आतल्या दाराशी रत्ना तांब्या धरून तशीच उभी होती. बुवांनी चौकटीवरचा हात बदलला.

"आधी पाणी दे," ते शशिकांतला म्हणाले. "मघाधरनं उभा हाय मी."