सांबराच्या पोटातली वस्ती

सागाच्या दाट रानात एक सांबर होते, आणि त्याच्याइतके टापटिपीचे जनावर त्या रानात दुसरे नव्हते. पाणी प्यायचे तर सगळ्यांच्या आधी, तेही झऱ्याच्या अगदी उगमापाशी. ज्या गवताला दुसऱ्या कुणाचे तोंड लागले, त्याला हे शिवायचेसुद्धा नाही. जवळच्या वाडीतली एक म्हैस रोज चरायला येई आणि दुपारभर चिखलात लोळे. तिला पाहिले की सांबर नाक वर करून लांबून वळसा घालून जाई. म्हशीला त्याचे काही वाटत नसे. ती आपली डोळे मिटून रवंथ करत बसे.

एके दिवशी एक साळुंकी सांबराच्या पाठीवर बसून गोचिडी टिपत होती. सांबर म्हणाले, "नीट बघून सांग, माझ्याइतकं स्वच्छ कुणी आहे का या रानात?"

"बाहेरून असशीलही," साळुंकी म्हणाली, "पण तुझ्या पोटात कोट्यवधी बारीक जीव राहतात, त्याचं काय?"

"माझ्या पोटात? त्यांना आत कुणी घेतलं?"

"तू पाडस होतास, तेव्हा आईने चाटूनपुसून तुला वाढवलं ना? तेव्हाच आले असतील. अरे, ते आहेत म्हणून तर—"

पण पुढचे ऐकायला सांबर थांबले कुठे! ते तडक निघाले ते कडूजहर सालीच्या एका झाडाकडे. एखादी जखम चिघळली, तर तिच्यातले जंतू मारायला जनावरे त्या झाडाची साल तेवढ्यापुरती, इवलीशी चघळत. या शहाण्याने मान पोहोचेल तिथवरची सगळी साल ओरबाडून खाल्ली. तोंड वेडेवाकडे झाले, डोळ्यांतून पाणी आले, पण मनातून स्वारी खूश होती. "आता कसं, आतूनही लख्ख!" असे म्हणत ते झोकात चरायला गेले.

पोटभर कोवळे गवत खाऊन सांबर सावलीत रवंथ करायला बसले, तर घास वर येईना. गवत जसे गिळले तसेच पोटात पडून राहिले. पोट फुगून टम्म झाले. मुलांनो, गवत तोडायचे आणि चावायचे काम सांबराचे, पण ते मुरवून त्यातून अंगाला लागेल असे काही काढायचे काम त्या बारीक जिवांचे. तेच उरले नाहीत, तर खाल्लेले पचणार कसे? आपण माणसे रवंथ करत नाही, पण आपल्या पोटातही अशी कामसू वस्ती असते बरे का! पानातले दही न् ताक तिच्या मदतीला येते, आणि भाजी-भाकरीवर ती पोसली जाते. आजारपणात औषध घ्यावेच लागते, पण तेही डॉक्टर सांगतील तेवढेच. सांबराने कुणाला विचारलेच नव्हते.

भोवताली हिरवेगार गवत असून ते बिचारे वाळत चालले. अशातच एका दुपारी उतारावरून कोळसुंद्यांची, म्हणजे रानकुत्र्यांची, शीळ ऐकू आली. सांबरांचा कळप धडाधड डोंगर चढून गेला. आपल्या सांबराचे मात्र पाय लटपटले आणि ते चिखलाच्या काठाशीच मटकन बसले. आता आपण काही वाचत नाही, हे त्याला कळून चुकले.

"का रं, कळप गेला की वर. तू हितंच?" म्हशीने चिखलातून डोके वर काढून विचारले.

सांबराने रडत रडत सगळे सांगितले. ऐकून म्हशीला असे हसू फुटले, की चिखलात लाटा उठल्या.

"आरं लेकरा, चुलीतला इस्तू सोताच इझवलास, आन् आता भाकर कच्ची ऱ्हायली म्हून रडतोस व्हय?"

"मग आता काय करू, म्हशीबाई?"

"शेजारनीकडनं निखारा आनायचा, दुसरं काय? आ कर. माझ्या तोंडातलं रवंथ घे. त्यात हाईत तुझे बारीक जीव."

"उष्टं?" सांबर दचकून म्हणाले. "तेही तुमच्या तोंडातलं?"

"नगं तर ऱ्हाऊ दे. त्या कोळसुंद्यास्नी काय सोवळं-ओवळं न्हाई बाबा. त्ये तुला न धुताच खातील."

शीळ आणखी जवळ आली. सांबराने डोळे घट्ट मिटले आणि आ केला. तो कोमट, चिकट, आंबूस घास त्याने कसाबसा गिळला. म्हैस चिखलातून उठून, शिंगे रोखून त्याच्यापुढे उभी राहिली. कोळसुंदे आले, त्यांनी ती शिंगे पाहिली आणि मुकाट दुसऱ्या वाटेने निघून गेले.

त्यानंतर म्हैस रोज आली आणि रोज आपला घास त्याला देत राहिली. एका दुपारी सांबराच्या पोटात गुडगुडले आणि मऊसूत रवंथ आपसूक तोंडात आले. त्याला इतका आनंद झाला, की चिखलाचा विचार न करता त्याने म्हशीच्या गळ्यात मान टाकली. अंगात बळ येताच ते डोंगर चढून आपल्या कळपात परतले.

कळपातल्या साऱ्यांना एका गोष्टीचे फार नवल वाटे. चरायला सुरुवात करण्याआधी सांबर रोज आपल्या पोटाकडे मान वळवून अदबीने म्हणे, "मंडळी, पान वाढलंय. या जेवायला!"

तात्पर्य : अंग स्वच्छ ठेवावे, पण पोटात राहून आपल्यासाठी राबणाऱ्या इवल्या सोबत्यांना घाण समजून हाकलू नये. ते नांदतात, तोवरच खाल्लेले अंगी लागते.