मिटल्या डोळ्यांची ढोलकी

‘पाणवठा’ बँडने नव्या अल्बममध्ये ढोलकी काढून लॅपटॉप आणला, तेव्हा साताऱ्यात सगळ्यांत जास्त भडकले ते त्यांचे जुने चाहते प्राचार्य मिराशी. ‘आत्मा विकला’ असा लेखच त्यांनी छापून आणला. पुढच्या कार्यक्रमात ते पहिल्या रांगेतून उठले आणि गरजले, “ते यंत्र बंद करा. आमची जुनी गाणी द्या.” मागून टाळ्या पडल्या.

गायिका मृदुला म्हणाली, “सर, डोळे मिटून बसा. तुम्ही न ऐकलेलं एक गाते.”

गाणं संपलं तरी मिराशींचे डोळे मिटलेलेच होते. “ही खरी ढोलकी,” ते म्हणाले.

“आता डोळे उघडा.”

मंचावर मृदुलाशेजारी फक्त लॅपटॉप होता.

“नव्या अल्बममधलं तिसरं गाणं, सर. लेखाच्या गडबडीत ऐकायचं राहिलं असेल.”

मिराशींनी मान खाली घातली, तर त्यांचा हात मांडीवर अजून ठेका धरून होता.