पुलाच्या अलीकडे

“शाळा बंद करू की मोबाइल फोडू? तू एकच सांग, माय!”

दिनकर खैरनार पायातली चप्पलही न काढता मठाच्या पायरीवर उभा होता. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात लेकीचं मनगट.

मठ सांभाळणारी तापीमाय ओट्यावर पत्रावळी लावत बसली होती. तिने मान वर केली.

“आधी पोरीला सोड.”

त्याने सोडलं. याच ओट्यावर मायने त्याच्याकडून पाढे घोकून घेतले होते. आज तालुक्यातली दोनशे मुलं त्याच्या क्लासला गणित शिकत होती. आणि पोटची पोर, रेणुका, नववीत गणितातच नापास! मास्तरच्या दिव्याखाली अंधार, असं लोक तोंडावर म्हणायला लागले होते.

“घरी आली की गेम, जेवताना गेम! उद्यापासून शाळा बंद. मामाच्या पोल्ट्रीवर अंडी गोळा करू दे. फक्त तू हो म्हण.”

“मला शाळा नाही सोडायची,” रेणुका पुटपुटली.

“तू गप्प!”

“तूही गप्प,” माय म्हणाली. “खेळ कसला आहे गं?”

“गाडीचा. घाट चढून पूल ओलांडायचा.”

“याला शिकव.”

दिनकर उसळला. “मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

“बस खाली.”

मायचा शब्द गावात कुणी खाली पडू देत नसे. दिनकर दातओठ खात बसला.

गाडी पहिल्याच वळणावर दरीत गेली.

“असू दे, बाबा. अंगठा जरा हलका ठेवा.”

पुन्हा दरी.

“आता जमत आलंय. पुलाच्या अलीकडे वेग कमी करा.”

पुन्हा दरी. रेणुका सांगत राहिली. कधी बोटाने दाखवून, कधी त्याच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून. दिनकरची कानशिलं तापली. एवढीशी गाडी, आणि ती आपलं ऐकत नाही!

नवव्यांदा गाडी पुलावरून कोसळली.

“इथे मीपण बावीस वेळा पडले, बाबा. थांबा, पुन्हा सांगते...”

“खड्ड्यात गेला तुझा खेळ!”

मोबाइल आपटायला त्याने हात उगारला.

रेणुका मोबाइल वाचवायला धावली नाही. तिने गाल झाकला.

मायच्या हातातलं पान हातातच राहिलं...

“नऊ वेळा सांगितलं तिने तुला,” माय म्हणाली. आवाज हळू होता, पण दिनकरला तो लहानपणापासून ठाऊक होता. छडी घेण्याआधीचा. “तू तिला गणित किती वेळा सांगतोस?”

“दोनदा सांगतो, माय. तरीही कळलं नाही, तर माणसाचं डोकं फिरणार नाही का?”

माय रेणुकाकडे वळली.

“आणि तू गं? खेळात बावीस वेळा पडलीस, उठलीस. गणितात?”

“एकदा.”

“मग?”

“वही मिटली.”

“का? तिथे पाय मोडले होते?”

रेणुकाने झटक्यात मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज फुटला तो रागाने.

“गेममध्ये पडलं तर कुणी मारत नाही!”



दिनकरचा उगारलेला हात आपोआप खाली आला. मग आठवलं ते एकच.

“शाळेत जाऊ दे तिला. पण माय... या मोबाइलचं काय करू?”

मायने हातातलं पान बाजूला भिरकावलं.

“तिचा हात अजून गालावरच आहे, दिनकर. तो खाली कसा आणायचा, ते शिकून ये. मग मोबाइलचं विचार.”