खुरट्या पंखांची माशी

फार मागं, एका प्रयोगशाळेतल्या काचेच्या बाटलीत फळमाश्यांचं मोठं कूळ नांदत होतं. त्यात एकीचे पंख जन्मतःच खुरटे होते. सगळ्या तिला खुरटी म्हणत आणि लापशीपाशी आली की हाकलून देत.

थोरली आत्या म्हणायची, "भिंगाखाली तुझी खोट दिसणारच, पोरी. मग तू तेलाच्या वाटीत, नको असलेल्या माश्या बुडवून मारतात तिथं."

एके दिवशी बाटलीत गुंगीचं औषध शिरलं आणि सगळ्या आडव्या झाल्या. भिंगातून बघत प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, "ही वेगळी आहे, हिला जपून ठेवा. बाकीच्या नेहमीच्याच."

खुरटी जागी झाली ती नव्या बाटलीत, एकटी. काचेपलीकडे तेलावर सगळं कूळ तरंगत होतं, आत्यासकट. समोर ताजी लापशी होती. ती सरपटत तिथवर गेली आणि कोणीतरी हाकलेल म्हणून थांबून राहिली.